डोंगरवाटेची मोटारसायकल व तिचें तेल

आमच्या शाळेच्या वार्षिकांत मोटारसायकलच्या तेलाविषयीं लेख छापला जावा, याचें कित्येकांस नवल वाटेल. भाषा, इतिहास, प्रवासवर्णन हीं मराठी विभागाचीं ठरलेलीं दालनें. त्यांत गराजाचा वास कशाला, असें एक-दोघां सहशिक्षकांनीं आम्हांस विचारलेंही. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, वसतिगृहाच्या फाटकापाशीं शनिवारीं दुपारीं जाऊन उभें राहावें. मुलांस घरीं नेण्यासाठीं आलेल्या पालकांच्या गाड्या तेथें रांगेनें लागलेल्या असतात, व त्यांतील बऱ्याच आतां उंच मडगार्डाच्या, खोल खांचांच्या टायरांच्या, डोंगरवाटेच्या मोटारसायकली असतात. सन २०१६ मध्यें रॉयल एन्फील्डची ४११ सीसीची हिमालयन निघाली, २०१९ मध्यें हीरोची २०० सीसीच्या वर्गांतील एक्सपल्स निघाली, व पूर्वीं केवळ हौशी लोकांची असलेली ही जात डांबराच्या पलीकडे राहणाऱ्यांच्याही दारांत आली. गाडी आली, तिचे हप्ते आले. तिच्या पोटांत काय घालावें याचें ज्ञान मात्र तितक्या वेगानें आलें नाहीं. आमच्या ठायीं तर तें मुळींच नव्हतें. हा लेख लिहिण्याचें कारण आमची विद्वत्ता नसून आमचा एक अपराध आहे. तो आधीं सांगून मोकळें व्हावें हें बरें.

सन २०२२ च्या श्रावणांतील गोष्ट. नववींतील एक मुलगी पंधरा दिवस शाळेंत आली नव्हती. तिची वाडी अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, कळसूबाईच्या रांगेच्या पोटांत आहे. डांबरी सडक संपते तेथून पुढें पांच किलोमीटर गोट्यांची वाट, व मध्यें एक ओढा. आमची स्कूटर तेथें चालणारी नव्हती, म्हणून शाळेंतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांची मोटारसायकल आम्हीं मागून घेतली. हे गृहस्थ पहाटे तीन वाड्यांचें दूध गोळा करून संकलन केंद्रावर घालतात. त्यांचा सारा प्रपंच त्या दोन चाकांवर. किल्ली आमच्या हातावर ठेवतांना ते इतकेंच बोलले, "सर, वढ्याला पाणी चढलं तर थांबा. घाई करू नका."

जातांना ओढा घोट्याइतका होता. मुलीच्या आजोबांशीं बोलणें लांबलें, वर डोंगरांत पाऊस झाला, आणि परततांना पाणी गुडघ्याच्या वर आलेलें. तासभर थांबतों तर ओढा उतरला असता. आम्ही थांबलों नाहीं. भर मध्यावर इंजिन बंद पडलें. गाडी ढकलीत काठास आणली व बटण दाबीत राहिलों. सातव्या-आठव्या खेपेस इंजिन धडधडूं लागलें तेव्हां आम्हांस केवढा आनंद झाला!

या गाडीच्या इंजिनच्या उजव्या अंगास, तेल पाहण्यासाठीं, एक लहानशी वाटोळी काच आहे. तींत मधाच्या किंवा जुन्या तेलाच्या काळसर रंगाऐवजीं दूध जास्त झालेल्या चहाचा रंग दिसत होता. आम्ही नववीच्या वर्गास दर वर्षीं पायस म्हणजे काय हें शिकवितों. परीक्षानळींत तेल व पाणी एकत्र हालवून, तो पांढुरका पदार्थ मुलांस उजेडाकडे धरून दाखवितों. तोच पदार्थ काचेमागें दिसत असतां आम्हांस ओळखूं आला नाहीं. किंवा खरें लिहावयाचें तर, ओळखावयाचा नव्हता. गाडी स्वच्छ धुतली, तीनशें रुपयांचें पेट्रोल घातलें, व ओढ्याची गोष्ट न सांगतां किल्ली परत केली.

नवव्या दिवशीं पहाटे, मागें साठ लिटर दूध असतां, चढावर तें इंजिन जाम झालें. मिस्त्रींनीं उघडलें तों क्रँकचें बेअरिंग गंजून खाल्लेलें, पिस्टन व सिलिंडर दोन्हीं ओरखडलेलीं. तेरा हजारांवर रुपये व अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत दूध भाड्याच्या जीपनें जाई, व भाड्यांत नफा सारा जाई. आम्ही गराजांत जाऊन सर्व कबूल केलें तेव्हां ते गृहस्थ क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "सर, तवाच सांगितलं असतं तर दोन डबं ऑइलवर भागलं असतं." दुरुस्तीचे पैसे आम्हीं तीन पगारांतून फेडले. जीपचें भाडें त्यांनीं घेतलें नाहीं. मुलगी शाळेंत परत आली व पुढें दहावी उत्तीर्ण झाली; पण तो हिशेब निराळा.

त्यानंतर दोन उन्हाळ्यांच्या सुटींत आम्हीं त्या मिस्त्रींच्या हाताखालीं उमेदवारी केली. त्या गाडीचें तेल आतां आम्हीच बदलतों. जें शिकलों तें पुढें मांडीत आहों.

इंजिनांतील तेल केवळ वंगण आहे, असा आपला समज असतो. क्रँक व त्याचें बेअरिंग यांमध्यें तेलाचा जो पातळ पदर असतो, त्यावर धातू अक्षरशः तरंगत असतो. पदर तुटला कीं धातूवर धातू घासतो, हें खरेंच. पण तेंच तेल पिस्टनच्या बुडाची उष्णता उचलून बाहेर आणतें, जळणाची काजळी आपल्यांत धरून ठेवतें, पिस्टनच्या कड्या व सिलिंडर यांमधील फट भरून काढतें, आणि आंतील पोलादास गंजूं देत नाहीं. मोटारगाडींत तेलाचें काम बहुधा येथेंच संपतें, कारण तिच्या गिअरपेटीचें तेल वेगळें असतें. मोटारसायकलींत मात्र बहुतेक ठिकाणीं इंजिन, गिअर व क्लच हीं तिन्ही एकाच तेलांत भिजलेलीं असतात. होंडाच्या शर्यतीच्या कांहीं मोटारसायकलींत इंजिनचें तेल व गिअर-क्लचचें तेल वेगवेगळें ठेवलेलें आढळतें. परंतु आपल्या दारांतील गाड्यांत तशी चैन नाहीं. घरांत एकच गडी, आणि त्यानेंच स्वयंपाक करावा, धुणें धुवावें व रात्रीं राखणही करावी, अशांतली ही गत आहे. मोटारसायकलच्या तेलाची निवड जी अवघड झाली आहे ती यामुळें.

आतां ही गाडी डांबर सोडून डोंगरांत शिरली म्हणजे काय होतें तें पाहूं. सडकेवर ताशीं साठ किलोमीटर वेगानें जातांना समोरचा वारा इंजिन निववीत असतो. गोट्यांच्या चढावर गाडी पहिल्या गिअरमध्यें, माणसाच्या धांवण्याच्या वेगानें जाते; इंजिन भरभर फिरतें, वारा मात्र जवळजवळ नाहीं. उष्णता जी वाढते ती तेलासच सोसावी लागते. त्यांत चालक क्लच अर्धवट दाबून गाडी तोलीत असतो. क्लचच्या चकत्या एकमेकींवर घसरतात, तापतात, आणि त्यांचा बारीक चुरा तेलांत उतरतो. सडकेवर हजार किलोमीटरांत क्लचला जितकें सोसावें लागत नाहीं, तितकें एका खडकाळ घाटांत सोसावें लागतें, असें मिस्त्री म्हणतात. आम्हीं मोजून पाहिलेलें नाहीं, पण चकत्या पाहिल्या आहेत.

दुसरा शत्रू धूळ. मार्च-एप्रिलमध्यें आपल्या वाटांवर जी पिठासारखी माती उडते, तींत गारगोटीचे कण असतात, आणि गारगोटी काच कापते हें तुम्हांस माहीतच आहे. हे कण हवेच्या फिल्टरच्या कडेनें, एखाद्या सैल बसलेल्या रबरी पट्टीवाटे, इंजिनांत शिरतात व तेलांत मिसळून बारीक पॉलिश-कागदाचें काम करूं लागतात. यासाठीं जो मनुष्य महागडें तेल घालतो व हवेचा फिल्टर वर्षभर उघडून पाहत नाहीं, त्याचे पैसे वायां जातात. तेल आणि हवेचा फिल्टर यांची काळजी एकाच दिवशीं घ्यावी.

तिसरें पाणी. पाणी आंत कसें शिरतें, हा प्रश्न आम्हीं मिस्त्रींस पहिल्याच दिवशीं विचारला, कारण इंजिन तर चोहोंकडून बंद दिसतें. तें तसें बंद नसतें. आंतील वाफ बाहेर जावी म्हणून त्यास श्वासनळी ठेवलेली असते. तापलेलें इंजिन एकाएकीं थंड पाण्यांत उतरलें म्हणजे आंतील हवा आकुंचन पावते, दाब कमी होतो, आणि नळीचें तोंड पाण्यांत असल्यास पाणी आंत ओढलें जातें. आठवीच्या पुस्तकांतला हा नियम आम्हीं ओढ्यांत उभे राहून सिद्ध केला होता! हवेच्या पेटीपर्यंत पाणी चढलें तर तें सिलिंडरवाटेही शिरतें. असें झाल्याचा संशय आला तर बटणास हात लावूं नये. पाणी हवेप्रमाणें दाबलें जात नाहीं, आणि पिस्टन त्यावर आदळल्यास दांडा वांकतो. स्पार्कप्लग काढून इंजिन फिरवावें, पाणी बाहेर उडूं द्यावें, तेल काढून टाकावें, त्याच ग्रेडचें स्वस्तांतलें नवें तेल घालून इंजिन थोडीं मिनिटें सावकाश चालवावें, तें तेलही काढावें, व काचेंत दुधाळपणा उरला नाहीं अशी खात्री होईपर्यंत असें पुन्हां करावें. "दोन डबं ऑइल" म्हणजे हें.

मात्र येथें एक भेद लक्षांत ठेवावा. पावसाळ्यांत रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालविणारांस तेलाच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस पिवळसर साय आढळते. ती बहुधा हवेंतील ओलाव्याची असते. इंजिन पुरतें तापेल अशी एखादी लांब फेरी केली कीं ती नाहींशी होते. काडीवरचें किंवा काचेमागचें सारें तेल दुधाळ झालें असेल तर मात्र तो ओलावा नव्हे.

आतां दुकानांत जाऊं. फळीवर डबे मांडलेले, प्रत्येकावर चित्रें व मोठमोठीं विशेषणें. विशेषणें सोडून द्यावीं, लहान अक्षरें वाचावीं. पहिली खूण "१०डब्ल्यू-३०" किंवा "१५डब्ल्यू-५०" अशी असते. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें, म्हणजे एसएईनें, तेलांची दाटपणावरून प्रतवारी १९११ पासून चालू केली, व थंडीसाठीं डब्ल्यूची प्रत पुढें तींत घातली. डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे, विंटर म्हणजे हिवाळा. पहिला अंक कडाक्याच्या थंडींत तेल किती लवकर हलतें तें सांगतो: १०डब्ल्यूची परीक्षा उणें २५ अंश सेल्सिअसवर होते, १५डब्ल्यूची उणें २० वर, २०डब्ल्यूची उणें १५ वर. दुसरा अंक १०० अंश उष्णतेवर तेल किती दाट राहतें तें सांगतो. त्या उष्णतेस ३० च्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० च्याचा १२.५ ते १६.३ व ५० च्याचा १६.३ ते २१.९ असावा लागतो.

यावरून आमच्या एका हुशार विद्यार्थ्यानें असा तर्क केला कीं, १०डब्ल्यू-३० तेल थंडींत पातळ असून तापल्यावर दाट होतें. तर्क चुकला, पण तो इतक्या मोठ्या माणसांचाही चुकतो कीं, त्या मुलास हंसण्याचें कारण नाहीं. तापल्यावर सर्वच तेलें पातळ होतात. पौषांत काकवी भांड्यांतून पडतां पडत नाहीं, व चुलीपाशीं ठेवली तर पाण्यासारखी धांवते, तसेंच हें. दोन अंकांचें तेल इतकेंच करतें कीं, तापल्यावर तें साध्या तेलाइतकें पातळ होत नाहीं. यासाठीं त्यांत लांब सांखळ्यांचे रेणू मिसळलेले असतात. थंडींत ते गुंडाळी करून असतात, उष्णतेंत उलगडतात व तेलास आवरून धरतात. गोम अशी कीं, गिअरचे दांते एकमेकांत बसतांना या सांखळ्या कातरीत जातात. म्हणून मोटारसायकलमधील ५० चें तेल कांहीं हजार किलोमीटरांनंतर ४० च्यासारखें वागूं लागतें, आणि रंग तितका काळा झाला नसला तरी तें थकलेलें असतें.

मग कोणता अंक घ्यावा? गाडीच्या पुस्तिकेंत जो दिला असेल तो. हें उत्तर फारच सोपें असल्यामुळें कोणासही आवडत नाहीं. हिमालयन ४११ साठीं कंपनी १५डब्ल्यू-५० सांगते, एक्सपल्स २०० साठीं १०डब्ल्यू-३०; एकीचें तेल दुसरींत घालून "जास्त दाट तें जास्त चांगलें" म्हणणें ही चूक आहे. बेअरिंगमधील फट, तेलाचा पंप, तेल जाण्याचीं छिद्रें हीं सर्व त्या ठराविक दाटपणास अनुसरून केलेलीं असतात. महाराष्ट्रांत उणें २५ अंश थंडी कोठेंच पडत नाहीं, तेव्हां पहिल्या अंकाची आपणांस फारशी चिंता नको. मे-जूनमध्यें लडाखला जाणारे आमचे माजी विद्यार्थीही पुस्तिकेंतल्या तेलावरच जाऊन येतात.

दुसरी खूण जासोची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. तेलांत भिजलेल्या क्लचास घर्षण हवें असतें. घर्षण नसेल तर चकत्या एकमेकींस धरणार कशा? मोटारगाडीच्या हल्लींच्या तेलांत मात्र पेट्रोल वांचावें म्हणून घर्षण कमी करणारीं द्रव्यें मुद्दाम घालतात. तें तेल मोटारसायकलींत घातलें तर इंजिन सुरळीत चालतें, आवाजही गोड येतो, आणि चढावर क्लच घसरूं लागतो: मूठ पिळावी, इंजिन ओरडावें, गाडी जागची हलूं नये. यास्तव जपानी मोटार-मानक संस्थेनें १९९८ मध्यें चार-फटकी मोटारसायकलींच्या तेलांसाठीं एमए व एमबी असे दोन वर्ग केले. पुढें २००६ मध्यें एमएचे एमए-१ व एमए-२ असे भाग पाडले. एमए-२ मध्यें घर्षण अधिक. एमबी हें कमी घर्षणाचें तेल, ज्या स्कूटरांचा क्लच तेलांत बुडालेला नसतो त्यांच्यासाठीं. डोंगरवाटेच्या गाडीस एमए-२ पाहावें. आमच्या दूधवाल्या गृहस्थांनीं एकदां मेव्हण्याच्या जीपचें उरलेलें दीड लिटर तेल आणलें होतें. चांगल्या नांवाचें, महागाचें, आणि फुकटचें. डबा फिरवून पाहिला तों जासोचें नांव कोठेंच नाहीं, आणि अमेरिकन संस्थेच्या वाटोळ्या शिक्क्याखालीं साधनांची बचत करणारें असें लिहिलेलें. तें तेल मेव्हण्याकडे परत गेलें. गृहस्थ थोडे हिरमुसले, कारण हजार रुपयांचा माल परत करणें सोपें नसतें.

तिसरी खूण त्याच अमेरिकन संस्थेची, म्हणजे एपीआयची. एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी. दुसरें अक्षर जितकें पुढचें तितका वर्ग नवा: एसएल २००१ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. पुस्तिकेंत सांगितलेला किंवा त्यापुढचा वर्ग चालतो, जासो एमए-२ ची खूण जवळ असेल तर.

खनिज, अर्धकृत्रिम व कृत्रिम या भेदावर गराजांत पुष्कळ वाद होतात. आम्हीं त्यांत फार वेळ घालवूं नये असें ठरविलें आहे. कृत्रिम तेल उष्णतेंत अधिक टिकतें, त्यावर काजळी व चिकटा कमी धरतो, हें खरें. किंमतही दुप्पट-अडीचपट पडते. कृत्रिम हा शब्दही वाटतो तितका पक्का नाहीं. खनिज तेलावरच मोठी प्रक्रिया करून केलेल्या तेलास तें नांव द्यावें कीं नाहीं, यावर १९९९ मध्यें अमेरिकेंत दोन मोठ्या कंपन्यांत जाहिरातींवरून तंटा झाला, व तें नांव देण्यास हरकत नाहीं असें ठरलें. ज्या पालकांची गाडी रोज ओढ्यांतून जाते व ज्यांस तेल वरचेवर बदलावें लागतें, त्यांनीं पुस्तिकेस मान्य असेल तें मध्यम किंमतीचें तेल घेऊन लवकर बदलावें. महाग तेल घालून तें वर्षभर ओढूं नये. डबा मात्र ओळखीच्या दुकानांतून, झांकणाचें सील पाहून घ्यावा. भरलेले बनावट डबे बाजारांत असतात. रिकामा डबा टाकण्यापूर्वीं त्यास खिळ्यानें भोंक पाडावें, म्हणजे तो पुन्हां भरला जाणार नाहीं.

केव्हां बदलावें? पुस्तिकेंत किलोमीटर व महिने असे दोन्ही दिलेले असतात. जें आधीं येईल तें धरावें. तो आंकडा सामान्य वापराचा असतो, आणि धूळ, चिखल व पाणी यांतून चालणाऱ्या गाडीचें तेल याहून लवकर बदला असें बहुतेक पुस्तिकाच सांगतात. शर्यतीच्या मोटारसायकलींत तर किलोमीटर मोजीतच नाहींत, तास मोजतात. होंडाच्या सीआरएफ-४५०आर या शर्यतीच्या गाडीस सुमारें १५ तासांनीं तेल बदलण्यास सांगितलें आहे. आमची दूधाची गाडी शर्यत खेळत नाहीं, पण पहिल्या गिअरमध्यें रोज दोन तास चालते. आम्ही पुस्तिकेच्या निम्म्या अंतरावर बदलतों. इंजिनांत पाणी गेल्यास त्याच दिवशीं, मग आदल्या दिवशीं नवें तेल घातलेलें असो.

आतां प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागीं घ्यावी व इंजिन चार-पांच मिनिटें चालवून कोमट करावें. कोमट तेल लवकर वाहतें व तळाचा गाळ बरोबर घेऊन येतें. कढत करूं नये, हात भाजतो. या गाड्यांच्या पोटाखालीं दगडांपासून रक्षणासाठीं धातूची पत्राटी असते, व तिच्यामागें वाळलेला चिखल साठलेला असतो. नट उघडण्यापूर्वीं तो ब्रशानें खरवडून, फडक्यानें पुसून काढावा. हें काम कंटाळवाणें म्हणून टाळतात, आणि मग नट निघतांच चिखलाचें ढेकूळ सरळ भोंकांत जातें. पत्राटी काढलीच आहे तर चेंबरवर दगडाचा तडा गेलेला नाहीं ना, तेंही पाहावें.

खालीं पसरट भांडें ठेवावें. वरचें तेल घालण्याचें झांकण सैल करावें, म्हणजे हवा आंत जाऊन तेल धड वाहील. ड्रेन नट रिंग पान्यानें काढावा. सरकत्या पान्यानें नटाचे कोपरे झिजतात, व मग मिस्त्रींस बोलवावें लागतें. नटाच्या टोकास लोहचुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसेल. तो चालतो. चकाकणारे तुकडे किंवा बोटांस टोचणारी कपची आढळली तर काम तेथेंच थांबवून जाणत्यास दाखवावी. तेल थेंब थेंब गळूं लागेपर्यंत धीर धरावा, गाडी थोडी इकडे-तिकडे कलवावी.

तेलाचा फिल्टर काढण्यापूर्वीं तो कोणत्या बाजूनें बसला आहे त्याचें छायाचित्र मोबाइलवर घेऊन ठेवावें. कांहीं इंजिनांत तो उलटा बसविला तर तेलाची वाटच बंद होते, व इंजिन कांहीं मिनिटांत जातें. झांकणाची रबरी कडी नवी घालावी, तिला नव्या तेलाचें बोट लावावें. ड्रेन नटाची तांब्याची अथवा अॅल्युमिनियमची चकतीही नवी घालावी. पांच-दहा रुपयांसाठीं जुनी बसवूं नये.

नट परत बसवितांना आमच्या मुलांनीं विशेष जपावें. चेंबर अॅल्युमिनियमचें असतें, नट पोलादाचा. जोर केला तर आटे चेंबरचेच जातात. पहिले फेरे बोटांनींच फिरवावे. बोटांनीं फिरत नसेल तर नट तिरपा लागला आहे. शेवटची घट्टाई पुस्तिकेंत न्यूटन-मीटरमध्यें दिलेली असते. ती २५ न्यूटन-मीटर आहे असें समजा. पाना २५ सेंटिमीटर लांब असेल तर टोकाशीं १०० न्यूटन, म्हणजे सुमारें १० किलोग्रॅम वजनाइतका जोर द्यावयाचा. दहावीच्या मुलांनीं भाजीवाल्याचा ताणकांटा पान्याच्या टोकास अडकवून हें पाहावें. आपला हात किती अधिक जोर करतो हें पाहून आश्चर्य वाटतें. मापाचा पाना मिळाल्यास उत्तमच.

नवें तेल पुस्तिकेंत दिलें असेल तेवढें मोजून, नरसाळ्यानें घालावें. नरसाळें पेट्रोलचें किंवा रॉकेलचें नसावें. फिल्टर बदलला असतां व नसतां माप निराळें असतें, हें पाहावें. इंजिन दोन-तीन मिनिटें सावकाश चालवून बंद करावें, तेल खालीं उतरण्यास थोडा वेळ द्यावा, आणि मग गाडी सरळ उभी धरून पातळी पाहावी. बाजूच्या पायावर कलंडलेल्या गाडीची काच खोटें सांगते. काडी असेल तर ती आटे लावून मोजावयाची कीं नुसती टेकवून, हें प्रत्येक गाडीचें वेगळें असतें. पातळी दोन खुणांमध्यें असावी. वरच्या खुणेच्या वर घातलेलें तेल क्रँक घुसळून फेंस करतो, तें श्वासनळीवाटे हवेच्या पेटींत जातें व सीलांतून गळतें. गाडी वाटेंत आडवी पडली असेल तर उचलल्यावर पातळी पुन्हां पाहावी. तारीख व किलोमीटर वहींत लिहावे.

राहिलें जुनें तेल. आपल्याकडे काळें ऑइल खांबांस वाळवी लागूं नये म्हणून फासतात, अंगणाची धूळ बसावी म्हणून शिंपतात, आणि बैलाच्या जखमेवर माशा बसूं नयेत म्हणून लावतातही. यांतलें शेवटचें तर कधींच करूं नये. जळलेल्या तेलांत धातूचे कण व जळणांतून निघालेलीं विषारी द्रव्यें असतात. तें वारंवार कातडीस लागल्यास अपाय करतें, म्हणून आम्ही हातमोजे घालतों व नंतर साबणानें हात धुतों. मातींत ओतलेलें तेल पावसाबरोबर विहिरींत उतरतें. वापरलेलें तेल २०१६ च्या घातक-कचरा नियमांखालीं येतें, व १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणारांवर व आयात करणारांवरही तें परत जमवून शुद्धीकरणास पाठविण्याची जबाबदारी घातलेली आहे. आमच्या प्रयोगशाळेच्या मागें, पडवींत, वीस लिटरचा झांकणाचा डबा ठेवला आहे. पालकांनीं घरचें जुनें तेल त्यांत आणून घालावें. पाणी, पेट्रोल किंवा ब्रेकचें तेल त्यांत मिसळूं नये, नाहींतर तें पुन्हां शुद्ध करण्याजोगें राहत नाहीं. डबा भरला कीं मिस्त्री तो गराजांत नेतात, व तेथून परवानाधारक गोळा करणारांचा टेम्पो घेऊन जातो. मागच्या शनिवारीं दूधवाल्या गृहस्थांच्या गाडीचें तेल त्यांत ओतलें. रंग स्वच्छ काळा होता, आणि डबा भरावयास आतां चार बोटें उरलीं आहेत.